नवा सर्व्हर उभाच राहत नाही तेव्हा

हाताने सुरू केलेला सर्व्हर बिघडला, तर तो निदान जागच्या जागी बिघडलेला सापडतो. ऑटो स्केलिंगने सुरू केलेला सापडत नाही. तो आजारी आहे असे ठरताच यंत्रणा त्याला काढून टाकते, त्याच्या जागी दुसरा आणते, तोही त्याच कारणाने पडतो, मग तिसरा. तुम्ही लॅपटॉप उघडून लॉगिन करेपर्यंत आधीच्या चार-पाच जणांच्या डिस्कही गेलेल्या असतात. म्हणजे अडचण दुहेरी आहे. सर्व्हर का पडतो हे माहीत नाही, आणि ते कळण्याचे साधन यंत्रणा स्वतःच दर काही मिनिटांनी नष्ट करते आहे. पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन टाकावी, तसा हा प्रकार. अशा वेळी बहुतेक जण स्क्रिप्टमध्ये काहीतरी बदलतात, पुन्हा लाँच करतात आणि स्क्रीनकडे बघत बसतात. माझा आग्रह असा, की आधी पुसापुशी थांबवा. कारण शोधायचे काम त्यानंतरचे.

इथली उदाहरणे एडब्ल्यूएसच्या ईसी२ आणि ऑटो स्केलिंग ग्रुपची आहेत. त्यांचे मुंबई रीजन २०१६ साली सुरू झाले, हैदराबादचे २०२२ साली, आणि पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टीमांचे रोजचे काम त्यावर चालते. अझूर किंवा गुगल क्लाउडवर बटणांची नावे वेगळी असतील, पण सर्व्हर ज्या टप्प्यांतून जातो ते टप्पे थोड्याफार फरकाने तेच.

आधी पुरावा राखा

ऑटो स्केलिंग ग्रुपच्या काही प्रक्रिया तात्पुरत्या स्थगित करता येतात. त्यातल्या ‘रिप्लेस अनहेल्दी’ आणि ‘टर्मिनेट’ या दोन आधी थांबवा. त्यानंतर जो इन्स्टन्स, म्हणजे ईसी२चा सर्व्हर, वर येईल तो आजारी ठरला तरी जागेवर राहील आणि तुम्हाला त्यात शिरून बघता येईल. एक नमुना हाती लागला की ‘लाँच’ही थांबवायला हरकत नाही, म्हणजे बिलाची गळती थांबते. लिनक्स इन्स्टन्सचे बिल सेकंदावर असले तरी किमान ६० सेकंदांचे लागतेच, त्यामुळे रात्रभर चाललेले लाँच-टर्मिनेटचे चक्र सकाळी आकड्यांत दिसते. ग्रुपवर खरी गिऱ्हाइके असतील तर मात्र ‘लाँच’ला हात लावण्याआधी विचार करा. जुने सर्व्हर पुरेसे असतील तरच. आणि जे थांबवले ते टीमच्या चॅटवर त्याच क्षणी लिहून ठेवा, कारण स्थगित प्रक्रिया आपणहून सुरू होत नाहीत. काम झाले, सगळे झोपले, आणि पुढच्या आठवड्यात गर्दी वाढली तरी ग्रुप ढिम्म, असे होऊ शकते.

इथे दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. ‘स्केल-इन प्रोटेक्शन’ लावले की इन्स्टन्स वाचेल, हा पहिला. ते संरक्षण संख्या कमी करतानाचे आहे. इन्स्टन्स अनहेल्दी ठरला तर ते त्याला वाचवत नाही. दुसरा गैरसमज ईसी२च्या ‘टर्मिनेशन प्रोटेक्शन’चा. माणसाने चुकून टर्मिनेट करू नये म्हणून ते आहे, ऑटो स्केलिंग त्याला जुमानत नाही. एकच इन्स्टन्स बाजूला काढायचा असेल तर त्याला ‘स्टँडबाय’मध्ये टाका. तिथे ग्रुप त्याची तब्येत तपासत नाही. पण स्टँडबायमध्ये जाण्यासाठी तो आधी ‘इनसर्व्हिस’ झालेला असावा लागतो.

ही धावपळ दर वेळी नको असेल तर टर्मिनेशनवर एक लाइफसायकल हुक कायमचा लावून ठेवा. इन्स्टन्स काढून टाकण्याआधी ग्रुप तुम्ही सांगाल तितका वेळ थांबतो, कमाल ४८ तास. तेवढ्यात एखादे छोटे ऑटोमेशन लॉग उचलून एस३मध्ये टाकू शकते. लाँच टेम्प्लेटमध्ये रूट डिस्कचे ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ बंद करण्याचीही सोय आहे. मग इन्स्टन्स गेला तरी डिस्क उरते, ती दुसऱ्या मशीनला जोडून वाचता येते. फक्त ही सोय तपासापुरती ठेवा, नाहीतर महिनाअखेरीला शेकडो अनाथ डिस्कांचे भाडे भराल.

आणि आधीच टर्मिनेट झालेला इन्स्टन्सही अगदीच मुका नसतो. तो कन्सोलमध्ये साधारण तासभर दिसत राहतो, त्याचे ‘स्टेट रीझन’ वाचता येते, आणि त्याच्या सीरियल कन्सोलवर उमटलेला शेवटचा ६४ केबी मजकूरही निदान तासभर मिळतो. घाईत हा तास वाया जातो.

किती वेळ जगला?

कारणाकडे जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता इन्स्टन्सच्या आयुर्मानातून जातो. ग्रुपच्या ‘ॲक्टिव्हिटी’ टॅबमध्ये प्रत्येक लाँचची सुरुवात, शेवट आणि कारण लिहिलेले असते. त्यातल्या वेळा एकाखाली एक मांडा.

इन्स्टन्सला आयडीच मिळाला नसेल, तर विनंतीच नाकारली गेली आहे. सर्व्हरच्या आत बघण्यासारखे काही नाही, कारण सर्व्हर जन्मलाच नाही. आयडी मिळाला, पण ‘पेंडिंग’मधून काही सेकंदांत थेट ‘टर्मिनेटेड’ झाला, तर डिस्क, एन्क्रिप्शनची किल्ली किंवा इमेज यांपैकी कशात तरी खोट आहे. ‘रनिंग’ झाला पण स्टेटस चेक पास होत नाहीत, तर ऑपरेटिंग सिस्टिम बूट होताना अडते आहे. प्रत्येक इन्स्टन्स साधारण सारखाच वेळ, म्हणजे पाच-सहा मिनिटे जगून जातो, तर तब्येत तपासणीचे गणित चुकले आहे. आणि बरोबर एका तासाने जात असेल, तर लाँचवर कुणीतरी लाइफसायकल हुक लावला आहे आणि त्याला उत्तर देणारे कुणीच नाही. त्या हुकची मूळ मुदत ३६०० सेकंद असते आणि मुदत संपल्यावरचा मूळ निर्णय ‘अबँडन’ असतो.

वेळा जुळवताना एक भारतीय अडचण लक्षात ठेवा. सर्व्हरच्या आतले लॉग बहुधा यूटीसीमध्ये असतात, कन्सोल तुमच्या ब्राउझरप्रमाणे भारतीय वेळ दाखवू शकते. साडेपाच तासांचा फरक विसरून दोन लॉग शेजारी ठेवले, की भलत्याच घटना एकमेकांना चिकटतात. तपास करताना सगळ्यांनी यूटीसीतच बोलायचे, असे ठरवून टाका.

विनंतीच नाकारली गेली

या टप्प्यावरचे निरोप बहुधा स्पष्ट असतात, फक्त ते शेवटपर्यंत वाचावे लागतात. ‘इनसफिशियंट इन्स्टन्स कपॅसिटी’ आणि ‘व्हीसीपीयू लिमिट एक्सीडेड’ हे दोन निरोप लोक हटकून एकच समजतात. पहिल्याचा अर्थ असा, की त्या झोनमध्ये त्या जातीची मशीन या घडीला ॲमेझॉनकडेच शिल्लक नाही. तिकीट टाकून ती येणार नाही. दुसरा झोन, दुसरा प्रकार किंवा थोडी प्रतीक्षा, एवढेच उपाय. म्हणून ग्रुपला एकाच प्रकारावर बांधू नका, ‘मिक्स्ड इन्स्टन्सेस’ धोरणात चार-पाच जुळते प्रकार द्या. दुसऱ्या निरोपाचा अर्थ, तुमच्या खात्याची मर्यादा संपली. ती रीजननुसार आणि व्हीसीपीयूमध्ये मोजली जाते. मर्यादा ३२ असेल तर एम५.२एक्सलार्ज हा ८ व्हीसीपीयूचा इन्स्टन्स चारच वेळा उभा राहील. ही मर्यादा अर्ज करून वाढते, आणि अर्ज सणासुदीच्या सेलआधी करायचा असतो.

सबनेटमधले पत्ते संपणे हे आणखी एक कारण. प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवते. /२८च्या सबनेटमध्ये १६पैकी ११च हाती उरतात, त्यातही लोड बॅलन्सर, डेटाबेस आणि कुबरनेटीसचे पॉड वाटेकरी असतात. एकट्या सर्व्हरला जागा असते. गर्दीच्या वेळी दहा एकदम मागितले की नसते.

इमेज हरवण्याचा प्रकार ओळखायला सोपा आहे. जुन्या एएमआय, म्हणजे सर्व्हरच्या इमेज, साफ करणाऱ्या कुणाच्या तरी स्क्रिप्टने लाँच टेम्प्लेटमध्ये नोंदलेलीच एएमआय काढून टाकलेली असते. चालू सर्व्हरना त्याने काहीच होत नाही, म्हणून ही गोष्ट आठवडेच्या आठवडे दबून राहते. इमेज एका प्रोसेसरची आणि मशीन दुसऱ्या प्रोसेसरचे, हेही तसेच. टी३वरून स्वस्तातल्या ग्रॅव्हिटॉनच्या टी४जीवर जायचे, तर इमेजही आर्म६४ची लागते.

परवानग्यांच्या बाबतीत निरोप मुद्दाम गूढ ठेवलेला असतो. ‘अनऑथराइज्ड ऑपरेशन’च्या पुढे येणारी लांबलचक अक्षरांची माळ म्हणजे कचरा नव्हे. एसटीएसच्या ‘डीकोड ऑथरायझेशन मेसेज’ या आज्ञेला ती दिली, की नेमकी कोणती परवानगी नाकारली ते उलगडते. पुष्कळदा ती ‘पास रोल’ निघते. इन्स्टन्स सुरू करण्याची मुभा आहे, पण त्याला आयएएम रोल चिकटवण्याची नाही. टेराफॉर्मने रोल आणि इन्स्टन्स प्रोफाइल बनवून लगेच लाँच केले, तर ‘प्रोफाइल सापडत नाही’ असेही येते, कारण आयएएममधला बदल सगळीकडे पोचायला काही सेकंद लागतात. पुन्हा चालवल्यावर तेच बिनबोभाट चालते.

ॲक्टिव्हिटी टॅब पुरेसे बोलत नसेल तर क्लाउडट्रेल उघडा. ‘रन इन्स्टन्सेस’च्या नोंदी तिथे ९० दिवस मागे जाऊन पाहता येतात, कुणाच्या नावाने आणि कोणत्या चुकीने विनंती परतली त्यासह.

किल्लीचा घोळ

‘क्लायंट.इंटर्नल एरर: क्लायंट एरर ऑन लाँच’. या निरोपाइतका दिशाभूल करणारा निरोप मी क्वचितच पाहिला असेल. ‘इंटर्नल’ शब्द वाचून लोक ॲमेझॉनला दोष देतात आणि वाट बघत बसतात. हा निरोप ऑटो स्केलिंगमध्ये आला, की माझा पहिला संशय डिस्कच्या एन्क्रिप्शनवर जातो.

याचे लक्षण असे, की त्याच टेम्प्लेटवरून तुम्ही हाताने इन्स्टन्स सुरू केला तर तो छान चालतो, ग्रुपने सुरू केला की काही सेकंदांत मरतो. फरक कुणाच्या अधिकारात काम होते याचा आहे. हाताने सुरू करताना तुमच्या परवानग्या वापरल्या जातात. ग्रुप मात्र ऑटो स्केलिंगच्या सर्व्हिस-लिंक्ड रोलच्या नावाने काम करतो. डिस्क केएमएसमधल्या तुमच्या स्वतःच्या किल्लीने बंद केलेली असेल आणि त्या किल्लीच्या पॉलिसीत या रोलचे नाव नसेल, तर डिस्क उघडत नाही, आणि रूट डिस्क उघडली नाही तर इन्स्टन्स पुढे जाऊच शकत नाही. उपाय म्हणजे किल्लीच्या पॉलिसीत त्या रोलला एन्क्रिप्ट, डिक्रिप्ट, री-एन्क्रिप्ट, जनरेट डेटा की, डिस्क्राइब की आणि क्रिएट ग्रँट एवढ्या परवानग्या देणे. यातली शेवटची हमखास राहून जाते.

इमेज दुसऱ्या खात्यातून आलेली असेल तर आणखी एक पायरी वाढते. किल्ली त्या खात्यात, ग्रुप या खात्यात. तिथल्या पॉलिसीने या खात्याला परवानगी द्यायची, आणि या खात्यातून रोलसाठी ग्रँट तयार करायची. एडब्ल्यूएसच्या मूळ ‘ईबीएस’ किल्लीने बंद केलेला स्नॅपशॉट मात्र दुसऱ्या खात्याला देताच येत नाही. तो आधी स्वतःच्या किल्लीने पुन्हा कॉपी करावा लागतो.

काल चालत होते आणि आज अचानक ही चूक आली, तर दोन प्रश्न विचारा. रीजनसाठी ‘सगळ्या नव्या डिस्क एन्क्रिप्ट करा’ हे सेटिंग सुरक्षा टीमने नुकतेच चालू केले का, किंवा त्याची मूळ किल्ली बदलली का? आणि एखादी किल्ली डिसेबल झाली का, किंवा डिलीट होण्याच्या रांगेत गेली का? किल्ली पुसण्याआधी ७ ते ३० दिवसांची मुदत असते, त्या काळात ती चालत नाही, पण परत आणता येते. चालू सर्व्हरच्या डिस्क आधीच उघडलेल्या असल्याने ते ठणठणीत असतात. पहिला बळी नव्या सर्व्हरचाच जातो.

बूट होताना अडला

‘रनिंग’ म्हणजे मशीनला वीज मिळाली, एवढेच समजा. त्यानंतर सिस्टिम स्टेटस चेक खालच्या प्रत्यक्ष मशीनबद्दल सांगतो आणि इन्स्टन्स स्टेटस चेक तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल. पहिला नापास असेल तर दोष तुमचा नाही, इन्स्टन्स बदलू द्या. दुसरा नापास असेल तर कन्सोल आउटपुट आणि स्क्रीनशॉट बघा. नायट्रो मशीनवर ‘लेटेस्ट’ हा पर्याय दिला तर ताजा मजकूर मिळतो. याच मशीनवर २०२१ पासून सीरियल कन्सोलमधून थेट आतही शिरता येते, मात्र त्यासाठी इमेजमध्ये पासवर्ड असलेला एखादा यूजर आधीच ठेवलेला हवा.

बूट अडण्याचे ठरलेले कारण म्हणजे एफएसटॅब फाइल. एखादी डेटा डिस्क तिथे नोंदलेली असते, नव्या इन्स्टन्सला ती जोडलेली नसते, आणि सिस्टिम तिची वाट बघून आपत्कालीन मोडमध्ये जाते. जुन्या झेन मशीनवर एक्सव्हीडीएफ म्हणून दिसणारी डिस्क नायट्रोवर एनव्हीएमई१एन१ अशा नावाने दिसते, तेव्हाही हेच होते. नोंद यूयूआयडीने करा आणि पर्यायांत ‘नोफेल’ लिहा.

स्क्रिप्ट गप्पच राहिली

सर्वांत जास्त वेळ खाणारा टप्पा हा. सर्व्हर वर आला, एसएसएच चालते, पण आत ॲप्लिकेशन नाही. म्हणजे यूजर डेटा, पहिल्या बूटला चालणारी तुमची स्क्रिप्ट, चाललाच नाही, किंवा अर्धा चालला. लिनक्सवर हे काम क्लाउड-इनिट करते आणि त्याचे दोन लॉग /व्हार/लॉग या फोल्डरमध्ये असतात. ‘क्लाउड-इनिट-आउटपुट’मध्ये तुमच्या स्क्रिप्टने जे छापले ते, आणि ‘क्लाउड-इनिट’मध्ये त्याची स्वतःची टिपणे. ‘क्लाउड-इनिट स्टेटस --लाँग’ ही आज्ञा निकाल एका दमात सांगते.

स्क्रिप्ट मुळीच चालली नसेल तर पहिली ओळ पाहा. हॅश आणि उद्गारचिन्हाची ती ओळ फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू व्हायला हवी. टेराफॉर्मच्या फाइलमध्ये मजकूर नीटनेटका दिसावा म्हणून दिलेले चार स्पेस तसेच आत गेले, तर स्क्रिप्ट चालतच नाही. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमधल्या ओळींच्या अदृश्य शेवटांमुळे ‘बॅड इंटरप्रिटर’ येऊ शकते. एपीआयने लाँच टेम्प्लेट बनवताना मजकूर बेस६४मध्ये द्यावा लागतो, तो कधी दोनदा गुंडाळला जातो. मर्यादा १६ केबीची आहे, तिच्या पलीकडचे सगळे एस३मध्ये ठेवून ओढून घ्या. आत काय पोचले याचा वाद घालत बसू नका, सर्व्हरवर /व्हार/लिब/क्लाउड/इन्स्टन्स या फोल्डरमध्ये ती फाइल असते. उघडून वाचा.

स्क्रिप्ट अर्धी चालली असेल तर प्रश्न वेगळा. साधी शेल स्क्रिप्ट मधली आज्ञा फसली तरी पुढे चालत राहते, आणि शेवटची आज्ञा यशस्वी झाली तर क्लाउड-इनिट सगळे उत्तम असल्याचे सांगते. पॅकेज बसले नाही, पण शेवटच्या ओळीत ‘इको’ने ‘डन’ छापले, म्हणून सगळे छान! सुरुवातीलाच ‘सेट -ईयूएक्सओ पाइपफेल’ ही ओळ टाका. पहिल्या चुकीला स्क्रिप्ट थांबेल आणि प्रत्येक आज्ञा लॉगमध्ये दिसेल. दुसरे, ही स्क्रिप्ट रूट यूजरच्या नावाने पण लॉगिनशिवाय चालते. तुमच्या टर्मिनलवर असलेला ‘पाथ’ आणि ‘होम’ तिथे असेलच असे नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्या पॅकेजला उत्तर द्यायला कुणी बसलेले नाही.

उबंटूवर ‘कुड नॉट गेट लॉक’ दिसले तर पहिल्या बूटला आपोआप सुरू होणारे अपडेट आणि तुमची स्क्रिप्ट एकाच वेळी एपीटीवर धावली आहेत. ‘स्लीप ६०’ टाकून हे बरे झाल्यासारखे वाटते. बरे होत नाही. एपीटीला लॉकसाठी थांबण्याची मुदत देण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

मग नेटवर्क. खासगी सबनेटमधला नवा सर्व्हर बाहेर जाऊ शकत नसेल तर पॅकेज ओढताना तो नुसता लटकतो, चूक दाखवत नाही. नॅट गेटवेचा रूट आहे का, सिक्युरिटी ग्रुपचा बाहेर जाणारा नियम आहे का, एवढे आधी बघा. ॲमेझॉन लिनक्सचे पॅकेज साठे एस३वर असल्याने फक्त एस३चा गेटवे एंडपॉइंट जोडूनही त्याचे अपडेट चालतात. मेटाडेटा सेवेचाही एक फटका असतो. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जुन्या पद्धतीने विचारणारी स्क्रिप्ट आयएमडीएसव्ही२ सक्तीच्या सर्व्हरवर ४०१ घेऊन परत येते, आणि डॉकर कंटेनरच्या आतून विचारले तर ‘हॉप लिमिट’ १ असल्यामुळे उत्तर पोचतच नाही. ती मर्यादा २ करा.

आता माझ्या आवडीचा प्रकार. आवडीचा अशासाठी, की यात कुणीही काहीच बदललेले नसते. सगळे शपथेवर सांगतात, आणि खरे सांगतात. जुने सर्व्हर चालू आहेत, त्याच इमेजचा नवा मात्र पडतो. बदललेले असते ते बाहेरचे जग. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतले एक जुने रूट प्रमाणपत्र संपले आणि जुन्या इमेजेसवरून निघणारी डाउनलोडे नाकारली जाऊ लागली. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ची मुदत संपली, त्याच्या मिरर याद्या बंद झाल्या, आणि बूटच्या वेळी ‘यम अपडेट’ करणारे नवे सर्व्हर तिथेच अडले. डॉकर हबने नोव्हेंबर २०२०पासून खात्याविना इमेज ओढण्यावर मर्यादा घातली, ती आयपीवर मोजली जाते. गिटहबचा एपीआय लॉगिनशिवाय एका आयपीला तासाला ६० विनंत्याच देतो. एकेक सर्व्हर तपासला तर सगळे चालते. एका नॅटमागून वीस सर्व्हर एकदम उठले, की त्यातले काही पडतात.

तब्येत ठीक, तरी बाद

लोड बॅलन्सरने ‘अनहेल्दी’ म्हटले म्हणून इन्स्टन्स गेला, तर टार्गेट ग्रुपमधले कारण वाचा. ‘टाइमआउट’ असेल तर सिक्युरिटी ग्रुप, किंवा ॲप अजून उठतेच आहे. जोडणीच नाकारली जात असेल तर ॲप फक्त १२७.०.०.१वर ऐकते आहे का ते बघा. ‘रिस्पॉन्स कोड मिसमॅच’ असेल तर ॲप बहुधा लॉगिन पानाकडे ३०२ने पाठवते आहे आणि तपासणीला २००च हवे आहे. तपासणीसाठी वेगळा, लॉगिन न मागणारा पत्ता द्या. आणि त्या पत्त्याने डेटाबेसची चौकशी करू नये, असे माझे मत आहे. डेटाबेस दोन मिनिटे मंदावला तर सगळेच सर्व्हर एकदम आजारी ठरतात, ग्रुप सगळ्यांना काढू लागतो, आणि नवे येतात तेही त्याच मंद डेटाबेसवर एकदम तुटून पडतात.

ग्रेस पिरियडचा, म्हणजे नव्या इन्स्टन्सला तब्येत तपासणीतून मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब कागदावर करा. कन्सोलमधून ग्रुप बनवला तर तो ३०० सेकंद असतो, कमांड लाइनने किंवा एसडीकेने बनवला आणि काही सांगितले नाही तर शून्य. जावाचे जड ॲप, आधी पॅकेजे, मग मायग्रेशन, असे सात मिनिटे लागत असतील तर ३०० सेकंदांत तो इन्स्टन्स कधीच वाचणार नाही. मुदत वाढवणे हा तात्पुरता उपाय. त्याहून चांगला उपाय म्हणजे लाँचवर लाइफसायकल हुक लावून स्क्रिप्टच्या शेवटी ‘कंटिन्यू’ आणि चूक झाल्यास ‘अबँडन’ कळवणे. मग सर्व्हर स्वतः तयार असल्याचे सांगेपर्यंत त्याच्याकडे रहदारी येत नाही.

दोष तुमचा नसतो तेव्हा

२० ऑक्टोबर २०२५. भारतात दिवाळीची दुपार होती. अमेरिकेतल्या नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबीचा डीएनएस पत्ता ऑटोमेशनमधल्या एका चुकीने रिकामा झाला. डायनॅमोडीबी तीनेक तासांत सावरला, पण ईसी२चे नवे लाँच त्यानंतरही कित्येक तास नीट होत नव्हते. प्रत्यक्ष मशीनांचा ताबा सांभाळणारी ईसी२ची आतली व्यवस्था डायनॅमोडीबीवर अवलंबून होती. तो परतल्यावर सगळे ताबे एकदम पुन्हा मिळवण्याच्या धडपडीत ती स्वतःच गुदमरली. नवे इन्स्टन्स ‘कपॅसिटी नाही’ म्हणून परत येत होते. जे उभे राहिले त्यांना नेटवर्क उशिरा मिळत होते, म्हणून लोड बॅलन्सर त्यांना बाद ठरवत होता. ईसी२ पूर्ववत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली. आधीपासून चालू असलेले इन्स्टन्स मात्र चालतच राहिले.

‘कपॅसिटी नाही’ हा तोच ओळखीचा निरोप, पण इथे सबनेट आणि कोटा तपासत बसणाऱ्याचा दिवस वाया गेला असता. म्हणून एकाच वेळी अनेक ग्रुप, अनेक झोन आणि असंबंधित खाती पडत असतील, तर आपले काहीही बदलण्याआधी एडब्ल्यूएसचा हेल्थ डॅशबोर्ड बघा. अशा वेळी नवे डिप्लॉयमेंट थांबवा, संख्या कमी करणारी धोरणे थांबवा आणि चालू सर्व्हरना धरून ठेवा, कारण आत्ता गेलेला सर्व्हर परत मिळेल याची खात्री नसते. रात्री संख्या कमी करून सकाळी वाढवणाऱ्या ग्रुपांना ही सूचना विशेष लागू आहे. आणखी एक बारकावा. एखादा ग्रुप २४ तासांहून अधिक काळ सतत प्रयत्न करूनही एकही इन्स्टन्स उभा करू शकला नाही, तर एडब्ल्यूएस स्वतः त्याच्या प्रक्रिया स्थगित करू शकते. मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी त्या हाताने सुरू कराव्या लागतात.

या सगळ्यातून पुढच्या वेळेसाठी एकच बदल करायचा असेल, तर बूटच्या वेळचे काम कमी करा. पॅकेजे, एजंट, ॲपची आवृत्ती हे सगळे पॅकरसारख्या साधनाने आधीच इमेजमध्ये भरा, आवृत्त्या ठरावीक ठेवा, आणि यूजर डेटात फक्त त्या वातावरणापुरती दोन-चार सेटिंगे उरू द्या. लॉग बाहेर पाठवणारा एजंटही इमेजमध्येच हवा. तो स्क्रिप्टने बसवायचा असेल तर स्क्रिप्ट पडल्याची बातमी तो कशी देणार? मग आठवड्यातून एकदा, टीम जागेवर असताना, मंगळवारी सकाळी अकराला म्हणा, ‘इन्स्टन्स रिफ्रेश’ने ग्रुपमधले सर्व्हर आलटून पालटून नवे करा. संपलेले प्रमाणपत्र, हरवलेली इमेज किंवा बदललेली किल्ली तुम्हाला तेव्हा सापडेल, आणि सेलच्या रात्री ग्रुप वाढू लागेल तेव्हा तो मार्ग आठवडाभरापूर्वीच तपासलेला असेल.